बाबांचं वेबिल आणि माझे साडेएक्केचाळीस मार्क

कळव्याहून ठाणे, तिथून वाशी गाडी, ऐरोलीला उतरून बॅक ऑफिसची शिफ्ट आणि रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिका. एमपीएससीच्या गट-ब संयुक्त पूर्वपरीक्षेत मी तिसऱ्यांदा बाहेर पडले तेव्हा कारणं तोंडपाठ होती. पुण्यातली मुलं दिवसभर अभ्यास करतात, मला नोकरी आहे. जाहिरात उशिरा आली. क्लास परवडला नाही. घरात एकच खोली, त्यात टीव्ही. यातलं एकही खोटं नव्हतं, पंचाईत तिथेच होती. खरं कारण ऐकलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय मिटतो.

बाबा बसवर कंडक्टर होते. त्यांनी मान डोलावली नाही.

"किती कमी पडले?"

"सहा मार्क."

"कशात?"

मला सांगता येईना. मग म्हणाले, "ड्युटी संपली की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि कॅश जुळवायची. पैसे कमी निघाले तर गर्दी होती, सुट्टे नव्हते, सगळं खरं असायचं. पण भरायचे मीच. आणि कुठल्या फेरीत गेले ते नाही शोधलं, तर उद्या परत भरा."

राग आला होता, खोटं कशाला बोलू! तरी उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत काढली आणि आयोगाच्या उत्तरतालिकेशी ताडली. 100 पैकी 94 सोडवले होते, 52 बरोबर, 42 चूक. चुकीला पाव मार्क, म्हणजे साडेदहा गेले. उरले 41.5.

त्या 42 चुकांचे तीन रकाने केले. वाचलंच नव्हतं: 14. वाचलेलं, पण ऐनवेळी घोळ: 19. येत होतं, पण प्रश्नच चुकीचा वाचला: 9. ते नऊ बरोबर आले असते तर सव्वाअकरा मार्क वाढले असते. नऊपैकी सात प्रश्न सत्तरीच्या पुढचे निघाले. 100 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे एकाला 36 सेकंद. मी सुरुवातीला गणितात अडकायचे आणि शेवटी 'अयोग्य विधान निवडा' मधला 'अ' खायचे. याचा ऐरोलीच्या नोकरीशी काय संबंध? तेव्हापासून गणित-बुद्धिमत्ता शेवटी सोडवते.

दुसरा रकाना जास्त लाजिरवाणा. पंचायतींची 73वी घटनादुरुस्ती अमलात आली 24 एप्रिल 1993 ला, नगरपालिकांची 74वी 1 जूनला. दोन्ही चारदा वाचलेल्या, उलट्या मारल्या. एका सराव परीक्षेत महाराष्ट्रातल्या रामसर स्थळांवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांवर, प्रश्न होता. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार लिहिलं, तिसरं आठवेना. 2022 मध्ये जाहीर झालेली ठाणे खाडी! रोज तिच्या काठाने गाडी पकडून जाते.

चौदाचा रकाना खरोखर वेळेचा होता, ते मी नाकारत नाही. पण आठवडाभर घड्याळ लावलं तर अभ्यासिकेतल्या अडीच तासांतला पाऊण तास टपरीवर 'यंदा कटऑफ किती लागेल' या चर्चेत जात होता. कटऑफ आपल्याला विचारून लागत नाही, चहाचे पैसे मात्र आपलेच.

तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर पहिली उत्तरतालिका आली त्याच रात्री हे करा. चार दिवसांनी कोणतं उत्तर का खुणावलं ते आठवत नाही, मग आपण सोयीचं कारण लिहितो. अंतिम तालिका आल्यावर पुन्हा ताडा, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. बरोबर आलेल्यांतले तुक्केही वेगळे काढा. माझ्या 52 मध्ये 11 तुक्के होते. ते धरूनही मी स्वतःला हुशार समजत होते. मात्र स्वतःला झोडपत बसू नका. 'मीच आळशी' हेसुद्धा एक कारणच आहे, त्यातूनही कुठला प्रश्न चुकला ते कळत नाही.

चौथ्या वेळी पूर्व निघाली. मुख्य परीक्षेत मराठी व्याकरणाने मारलं. शाळेपासून मराठीत शिकलेली मुलगी, आणि समासात गेली. नवी वही केली आहे. तिचाही दुसराच रकाना मोठा आहे.