शाळा बघायची तर मधल्या सुट्टीत बघा

मूल उशिरा बोलायला लागलंय, ऑटिझम आहे किंवा एका जागी बसत नाही, अशा वेळी शाळेचं माहितीपत्रक फारसं कामाचं नसतं. मुख्याध्यापकांना विचारून मधल्या सुट्टीत अर्धा तास थांबा. डबा उघडता न येणाऱ्या मुलाकडे कोण जातं? घंटा वाजली की कानावर हात ठेवणाऱ्याला ओरडा बसतो की कुणी शांतपणे बाजूला नेतं? बाथरूमला मावशी सोबत जातात का, हेही बघा.

मग वर्गशिक्षिकेशी बोला (ऑफिसमधल्या गोड बोलण्यावर जाऊ नका). वर्गात मुलं किती, विशेष शिक्षक रोज असतात की आठवड्यातून एकदा, शॅडो टीचर (वर्गात फक्त तुमच्या मुलाला मदत करणारी सोबतीण) चालेल का आणि तिचा पगार कोण देणार, हे स्पष्ट विचारा.

'आमच्याकडे अशी मुलं घेत नाही' असं कुणी म्हणालं, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. सरकारी वा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वामुळे प्रवेश नाकारता येत नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज आधीच करून ठेवा. वैद्यकीय तपासणीच्या तारखा मिळण्यात वेळ जातो.