पालकांना ‘पीवायपी’ समजावून सांगताना या चुका टाळा

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळांमध्ये पालकांना अभ्यासक्रमाची ओळख करून देणारी सभा भरते. पुण्यातील अशा एका शाळेत समन्वयक म्हणून काम करताना सुरुवातीची दोन वर्षे ही सभा मी अगदी मन लावून बिघडवली. पालक शांतपणे ऐकत होते आणि त्या शांततेला मी समाधान समजत होतो. सभा संपल्यावर एका आईने दारापाशी विचारले, “सर, हे सगळं छान आहे, पण पुस्तक कुठलं घ्यायचं?” तासभर केलेल्या माझ्या निवेदनात या प्रश्नाचे उत्तर कुठेच नव्हते.

परिभाषेपासून सुरुवात करणे

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम, म्हणजेच पीवायपी, 1997 साली सुरू झाला आणि तो 3 ते 12 या वयोगटासाठी आहे. त्यात विषयांच्या सीमा ओलांडणारी 6 सूत्रे, विद्यार्थ्याच्या अंगी यावेत असे 10 गुण, 7 संकल्पना आणि कौशल्यांचे 5 गट आहेत. हे सारे एका सभेत सांगायचे, तर पालकांच्या डोक्यावर तासाभरात 28 संज्ञा कोसळतात. आम्हा शिक्षकांना त्या पचायला प्रशिक्षणाचे कित्येक दिवस लागले होते, हे सभेत मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

त्यापेक्षा एक घटक घ्यावा आणि त्यातील एका मुलाची वही, घरच्यांच्या परवानगीने व नाव झाकून, पडद्यावर दाखवावी. उदाहरणार्थ, तिसरीच्या पाण्यावरील घटकात मुलांनी प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक केला, दोन आठवडे पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदवला आणि वर्तमानपत्रात येणारे खडकवासल्याच्या पाणीसाठ्याचे आकडे शेजारी चिकटवले, असे समजा. त्या पानांवर बोट ठेवून सांगता येते, की हे मोजमाप आणि हा स्तंभालेख म्हणजे गणित, बाष्पीभवनाची आकृती म्हणजे विज्ञान आणि सोसायटीच्या सचिवांना गळक्या टाकीबद्दल लिहिलेले पत्र म्हणजे भाषा. ‘जग कसे चालते’ किंवा ‘पृथ्वी सर्वांची आहे’ अशा अर्थाच्या सूत्राचे नाव त्यानंतर घेतले, तर ते पालकांच्या लक्षात राहते, कारण तोवर त्या नावाला चिकटायला काहीतरी मिळालेले असते.

‘आमच्याकडे पाठ्यपुस्तक नसते’ एवढेच सांगून थांबणे

हे विधान खरे असले तरी अर्धवट आहे. पीवायपी ही चौकट आहे. ती पाठ्यपुस्तक नेमून देत नाही. परंतु त्या चौकटीत प्रत्येक इयत्तेने काय शिकायचे, हे शाळेने लिहून काढलेले असते आणि असायलाच हवे. गणित तर प्रत्येक वेळी घटकाच्या ओघात शिकवले जाते असेही नाही. जिथे ते घटकाशी नैसर्गिकरीत्या जुळत नाही, तिथे त्याचे स्वतंत्र तास होतात. हे सांगितले नाही, तर पालक आपापल्या परीने निष्कर्ष काढतात, की इथे पाढे शिकवत नाहीत, आणि मूल दुसरीत असतानाच शिकवणीला जाऊ लागते. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी एकच पान द्यावे: दिवाळीपर्यंत काय, वर्षअखेर काय. त्यात ‘संख्याज्ञान विकसित होईल’ असे लिहू नये. ‘10 पर्यंतचे पाढे आणि तीन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी’ असे लिहावे.

परीक्षेतल्या गुणांच्या बाबतीतही हीच स्पष्टता लागते. पीवायपीसाठी संस्थेची कोणतीही बाह्य परीक्षा नसते. मूल्यमापन शाळा करते आणि अखेरच्या वर्षी मुले एका प्रश्नाचा दीर्घ शोध घेऊन ‘एक्झिबिशन’ सादर करतात. टक्के मिळणार नाहीत, हे पहिल्याच सभेत सांगावे आणि प्रत्यक्ष प्रगतिपुस्तकाचा नमुना हाती द्यावा. पहिले सत्र संपल्यावर पालकांना हे कळले, तर त्यांना फसवल्यासारखे वाटते.

इतर मंडळांना नावे ठेवणे

समोर बसलेले बहुतेक पालक बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेले आणि त्याच बळावर तुमची फी भरणारे असतात. ‘घोकंपट्टी’ हा शब्द सभेतून काढून टाकावा.

पुढच्या वाटेबद्दल मोघम बोलणे

पीवायपीनंतर 11 ते 16 वयोगटासाठी मिडल इयर्स प्रोग्रॅम, म्हणजेच एमवायपी, आणि 16 ते 19 साठी डिप्लोमा असे कार्यक्रम आहेत. पण प्राथमिक शाळेला पीवायपीची मान्यता आहे म्हणून तिच्याकडे पुढचे कार्यक्रम असतातच असे नाही. आपल्या शाळेत सहावीला काय आहे, हे थेट सांगावे. शाळा अजून उमेदवार टप्प्यावर असेल, म्हणजे मान्यतेच्या प्रक्रियेत असेल, तर उमेदवारी म्हणजे मान्यतेची हमी नव्हे, हेही सांगावे. मधेच बदली होऊन मुलाला राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत जावे लागले तर काय, हा प्रश्न नोकरदार घरांत हमखास असतो. त्याला ‘मुलं जुळवून घेतात’ हे उत्तर पुरत नाही. वेळ लावून लेखी परीक्षा देण्याची सवय आणि घटकांचा वेगळा क्रम या दोन ठिकाणी मूल अडखळू शकते, हे मान्य करून त्यासाठी शाळा काय मदत करील, ते सांगावे.

सभा फक्त इंग्रजीतून घेणे

मुलाला शाळेतून आणणारे, डबा भरणारे आणि ‘आज काय केलंस?’ असे विचारणारे पुष्कळदा आजी-आजोबा असतात. त्यांच्यासाठी मराठीतून वेगळा अर्धा तास ठेवला, तेव्हा आम्हाला सर्वांत नेमके प्रश्न तिथेच ऐकायला मिळाले. मराठीचा विषय निघाला, की 2020 च्या राज्याच्या कायद्यानुसार सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे, हे सांगून आपल्या शाळेतील तासांचे वेळापत्रकच पुढे ठेवावे.

सभा झाली, तरी गोंधळ उरला असेल तर

व्हॉट्सॲप गटावर तोच प्रश्न तीन जणांनी विचारला, तर पालकांनी नीट ऐकले नाही असे समजू नये. उत्तर मुळातच धूसर होते, असे धरून ते दोन वाक्यांत पुन्हा लिहावे आणि सर्व वर्गांना पाठवावे. एखाद्या मुलाची शिकवणी सुरू झाल्याचे कळले, तर घरच्यांना उपदेश न करता पंधरा मिनिटांसाठी बोलवावे, मुलाला त्याची वही आणायला सांगावी आणि 23 गुणिले 4 तो कसे करतो, ते त्यालाच आईबाबांना करून दाखवू द्यावे. ते त्याला जमले नाही, तर शिकवणी का लागली, याचे उत्तर आपल्याला मिळालेले असते, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच्या वर्गशिक्षिकेने काय करायचे, हे त्याच बैठकीत ठरवावे.