जुनं भारी घड्याळ हातात आलं की आधी डायल बघा

दुकानदार जेव्हा विचारतो ना, "डायल पण नवीन करून देऊ का, एकदम चकाचक होईल", तेव्हा नाही म्हणायचं. एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

माझ्या काकांचं फेवर ल्यूबा सी किंग आहे, वागळे इस्टेटमधल्या कंपनीत २५ वर्षं झाली म्हणून मिळालेलं, मागच्या झाकणावर नाव आणि तारीख कोरलेली. मी ते ठाणे स्टेशनजवळ एका दुकानात ओव्हरहॉलिंगला टाकलं, फक्त मशीन साफ करा असं सांगितलं, आणि आठ दिवसांनी घ्यायला गेलो तर डायल पांढरीफटक, वर निळ्या रंगात जाडजूड नाव रंगवलेलं. जुनी डायल सायीसारखी पिवळसर झाली होती, काकांच्या हातावर इतकी वर्षं ऊन खाऊन, तो रंग आता परत येणार नाही. अजून वाईट वाटतं.

अशा रंगवलेल्या घड्याळांना बाहेरचे शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही म्हणत. म्हणून चोर बाजारात जा नाहीतर कोणाच्या घरातलं घड्याळ विकत घ्या, खिशात दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवंच, आणि बघायचं ते दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. पहिलं म्हणजे सहाच्या खाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं बघा, ओरिजिनल छपाई भिंगातून पण कडक आणि सरळ दिसते, रंगवलेली असेल तर अक्षरं पसरट, तिरकी, कधी कधी गायबच. मग उठावाचे आकडे किंवा दांड्या असतील तर त्यांच्या कडेला रंग चढलाय का बघा. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, आणि मिनिट काटा त्या रेघांपर्यंत पोचतो का, काटा आखूड असेल तर तो बहुतेक दुसऱ्या घड्याळाचा आहे. आणि जुन्या घड्याळावर भडक केशरी, हिरवी, दोन-तीन रंगांची डायल दिसली की तिथेच थांबायचं.

अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांवरून पण बरंच कळतं. 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर असेल तर ट्रिशियम, म्हणजे ठिपके चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ, ते १९६० च्या दशकापासून आलं, त्यामुळे १९५० च्या दशकातलं म्हणून दाखवलेल्या घड्याळावर 'टी' असेल तर डायल बदललेली आहे. ट्रिशियमची ताकद साधारण १२ वर्षांत निम्मी होते, म्हणजे इतक्या जुन्या डायलीचे ठिपके आज जोरात चमकत असतील तर कोणीतरी नवीन रंग भरलाय. त्याच्या आधीची रेडियमवाली असतात, चमक गेली तरी रेडियम जात नाही, ते घड्याळ घरी स्वतः उघडू नका आणि ठिपके तर अजिबात खरवडू नका, ती धूळ शरीरात जाणं वाईट.

मागचं झाकण नेहमी घड्याळवाल्याकडूनच उघडून घ्या आणि आपण समोर बसून बघा. ओमेगाची १९५०-६० च्या दशकातली मशीनं तांबूस रंगाची असतात आणि सिरीयल नंबर बहुतेक मशीनवरच असतो, तो आणि झाकणाच्या आतला नंबर दोन्हीचे फोटो काढून ठेवा, मग घरी निवांत जुळवत बसता येतं. ओमेगाला १०० वर्षं झाली तेव्हा १९४८ मध्ये त्यांनी सेंटेनरी नावाचं सोन्याचं ऑटोमॅटिक काढलं, लोकांना इतकं आवडलं की त्यातूनच पुढे १९५२ ला कॉन्स्टेलेशन आलं. त्याच्या मागे वेधशाळा आणि आठ तारे कोरलेले असतात, ते तारे पॉलिश मारून मारून पुसट झालेले असतील तर केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, किती वेळा घासली गेली ते समजून जा. पट्टा जिथे बसतो त्या शिंगांच्या कडा पण गोल झालेल्या दिसतील.

आता आठवण म्हणून काढलेली घड्याळं. माझ्या मते ती दोन प्रकारची. एक कंपनी काढते, जसं चांद्रमोहिमेसाठी ओमेगानं १९६९ पासून सोन्याची स्पीडमास्टर काढली, सगळी मिळून १०१४, त्यातलं पहिलं अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना देऊ केलं होतं पण त्यांनी ते घेतलं नाही. अशा वेळी नंबर, डबा, कागद सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. दुसरी म्हणजे काकांच्या सारखी, माणसाचं नाव कोरलेली. बरेच लोक म्हणतात कोरलेलं झाकण म्हणजे किंमत कमी, घासून काढून टाका. मला हे अजिबात पटत नाही. रिव्हर्सो नावाचं घड्याळ १९३१ मध्ये भारतातल्या पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी बनलं, काच फुटू नये म्हणून केस उलटी फिरते, आणि त्या उलट्या बाजूवर लोक नावं कोरून घ्यायला लागले तीच आज त्याची शान आहे. मग वागळे इस्टेटमधल्या माणसाचं नाव का पुसायचं?

पावसाळ्यात ठाण्याची हवा तुम्हाला माहितीये, जून ते सप्टेंबर जुनं घड्याळ घालून लोकलला लटकू नका, मागे 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी इतक्या वर्षांनी आतलं रबर कडक झालेलं असतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आठवड्यातून एकदा चावी द्या. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घेऊन जा, उद्यावर टाकलं तर काट्यांना गंज धरतो. अचानक खूप पुढे पळायला लागलं तर मोबाइलच्या कव्हरचं चुंबक लागलं असेल, घड्याळवाला दोन मिनिटांत ते काढून देतो.

आणि देताना पावतीवरच लिहून घ्या, "डायल, काटे, केस यांना हात लावायचा नाही, बदललेले जुने पार्ट परत द्यायचे". काकांचं घड्याळ दिलं तेव्हा मी हे तोंडीच सांगितलं होतं.