भूमिपूजनाआधीची तयारी: मराठवाड्यात स्वतःचं घर बांधणाऱ्यांसाठी

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा एलिव्हेशनची होते, दुसरी टाइल्सची आणि हल्ली तिसरी मोबाइलवरून चालणाऱ्या दिव्यांची. या तिन्ही गोष्टी राहायला गेल्यावरही बदलता येतात. खिडकी कोणत्या भिंतीला आहे, छताचं पाणी कुठे उतरतं, स्लॅबमधून कुठले पाइप गेलेत, हे मात्र काँक्रीट पडलं की कायमचं. लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात कमी पाण्यावर, कमी विजेवर चालणारं आणि मे महिन्यात आत बसवेल असं घर हवं असेल, तर तयारीचा क्रम एकच ठेवा: जे नंतर बदलता येणार नाही ते आधी ठरवा. यंत्रं सगळ्यात शेवटी.

कागदांबद्दल थोडक्यात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिगरशेतीचा (एनए) कागद आणि मंजूर नकाशा हे सगळे करतातच. त्याच्या जोडीला भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा पक्क्या करा. चार बाजूंना नक्की किती जागा सुटते ते कळल्याशिवाय हौद, झाडं आणि शोषखड्डा नकाशावर बसवता येत नाहीत.

आता जमीन. इथे घाई करू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात आणि मग दरवर्षी पुट्टी भरत बसायचं. म्हणून प्लॉटवर दोन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे घेऊन बघा. मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि अहवालात माती किती फुगते व किती भार पेलते, हे दोन आकडे आहेत ना ते पाहा. मुरूम जवळ असेल तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, त्यावर टेकवा. खूप खोल असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे तळाशी बल्बसारखे फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब, आणि वर जोत्याच्या पातळीला प्लिंथ बीम हा पर्याय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. खोदून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. ठेकेदाराला ते सोयीचं असतं, कारण वाहतूक वाचते. जोत्यात मुरूमच हवा, तोही सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुम्मस करून. वरची फूटभर सुपीक माती मात्र कोपऱ्यात ढीग लावून जपा, बागेला लागेल.

पाया आणि जोतं उन्हाळ्यात उरकून वरचं काम पावसानंतर काढायचं, की दिवाळीनंतर एकदमच सुरुवात करायची, हेही आताच ठरवा. माझं मत दिवाळीनंतर. स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत पडावा, एप्रिल-मेमध्ये नको. हल्ली मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं, म्हणजे त्यात 15 ते 35 टक्के औष्णिक केंद्राची राख असते. पर्यावरणासाठी ते चांगलंच, पण त्याची ताकद सावकाश येते. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकानुसार अशा काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारायचं, आणि कोरड्या उन्हाळी हवेत 14 दिवस. मे महिन्यात टँकर विकत घेऊन चौदा दिवस स्लॅबवर आळी भरलेली कोण ठेवतो? पाच दिवसांत पाणी मारणं थांबतं आणि स्लॅब आयुष्यभर गळतो.

दिशांचं काम प्लॉटवर उभं राहून करा. एक सरळ काठी रोवा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा, चार अशा वेळी सावलीच्या टोकाला चुन्याची खूण करा. मोबाइलवर सूर्यमार्ग दाखवणारी ॲप्सही आहेत, ती वर्षभराचं चित्र दाखवतात. आपण साधारण 18 अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला खाली उतरतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा बराचसा भागवतो. उत्तरेची खिडकी उजेडासाठी उत्तम, पण तिच्यावरही लहान छज्जा हवा. खरी डोकेदुखी पश्चिमेची. दुपारी तीननंतरचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, कोठीची खोली असं काही ठेवा, झोपायची खोली नको. खिडकी ठेवायचीच असेल तर लहान, आणि बाहेरून उभी जाळी किंवा वेलीचा मांडव. झाड लावणार असाल तर काळ्या मातीत ते घरापासून लांब हवं, साधारण पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल तितकं. मुळं पायाखालचं पाणी ओढतात आणि माती असमान आकसते. लहान प्लॉटवर म्हणूनच कडुलिंबापेक्षा मधुमालती बरी.

भिंती ठरवताना आपल्या माळवदाची आठवण निघतेच, आणि निघायलाही हवी. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा थर. त्यात मे महिन्याची दुपार काढलेल्या माणसाला गारवा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती याच घरांखाली. मातीत रचलेले गोटे, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर कित्येक टनांचं ओझं. गारवा हवा, वजन नको, हा धडा आपण कुणाकडून उसना घ्यायची गरज नाही. आज तो जुळवता येतो. एएसी ब्लॉकचं, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन तेवढ्याच आकाराच्या मातीच्या विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं असतं आणि उष्णताही कमी आत येते. फक्त त्याला त्याचाच पातळ जोडमसाला आणि काँक्रीटला जिथे भिडतो तिथे जाळी लागते, नाहीतर प्लास्टरला रेघा पडतात. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेली वीट आपल्याला जवळ पडते. तिच्यासाठी सुपीक माती खणावी लागत नाही, भट्टीही लागत नाही. कोणतीही वीट घ्या, गाडी उतरवण्याआधी चार विटा घरी आणून काट्यावर तोला, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून परत तोला. वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या वर गेली, तर गाडी परत.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर सळईकडे स्वतः बघायची तयारी ठेवा. कॉलमच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली असली पाहिजेत. काटकोनात वाकवलेली रिंग धक्क्यात उघडते. मिस्त्री म्हणेल, सगळीकडे असंच करतात. तुम्ही नकाशातला तपशील दाखवा आणि एका रिंगचा नमुना आधी मंजूर करा. भारवाहू भिंतींचं घर असेल तर जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांचा माथा) आणि छत या पातळ्यांवर काँक्रीटचे सलग पट्टे अंदाजपत्रकात लिहून घ्या.

छत. एकमजली घरात सर्वाधिक उष्णता इथूनच येते, आणि इथेच सर्वांत कमी खर्च केला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. लहान प्लॉटला ती लागू नसली तरी मोजपट्टी म्हणून वापरा: छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते ते सांगणारा आकडा, 1.2 पेक्षा जास्त नको. नुसता काँक्रीटचा स्लॅब याच्या कितीतरी पुढे असतो. उपाय स्लॅबच्या वरून करायचा, खालून पीओपी मारून नव्हे, कारण तोवर काँक्रीट तापलेलंच असतं. दोन इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), त्यावर उताराचा कोबा आणि वर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक, हा थर उष्णताही अडवतो आणि पाणीही. या थराची जाडी आधीच ठरली, तरच कठड्याची उंची, जिन्याच्या दाराचा उंबरा आणि पन्हळी बरोबर बसतात.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा, तो डोळे उघडणारा आहे. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. वर्षाला 750 मिलीमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी 55 हजार लिटर पाणी उतरतं. पिण्या-स्वयंपाकाला घरात दिवसाला 50 लिटर लागतात असं धरा. पंधरा हजार लिटरचा हौद भरलेला असेल तर दहा महिने पुरतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरसारख्या जिल्ह्यात हा हौद चैन नाही. तो पार्किंगखाली किंवा अंगणात येणार, म्हणून खोदाई पायासोबतच धरा. काळ्या मातीत त्याच्या भिंतींचंही डिझाइन करून घ्या. पहिल्या पावसाची धूळ, पक्ष्यांची घाण बाजूला काढायला पन्हळीच्या पाइपला खाली झाकण असलेला उभा तुकडा ठेवा. पहिले दोन मिलीमीटर सोडायचे म्हटलं तर या छताला सुमारे 190 लिटर बाहेर गेले पाहिजेत. हौद भरल्यावरचं पाणी गाळणखड्ड्यातून बोअरला.

ड्रेनेजच्या दोन वेगळ्या लाइन करा: संडासाची एक, आंघोळ आणि कपड्यांची दुसरी. दुसरीचं पाणी साध्या गाळणीतून झाडांना जाऊ शकतं. फ्लशसाठी वेगळी टाकी आणि वेगळा पाइप हवा असेल तर तोही आत्ताच, कारण नंतर बाथरूम फोडावं लागतं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या बोअरपासून किमान 18 मीटर लांब ठेवायचा असतो. शेजाऱ्याचा बोअरही मोजा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तेव्हा खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे.

सोलरची तयारी गच्चीच्या नकाशातच होते. तीन किलोवॉटला साधारण 300 चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल दक्षिणेला तोंड करून बसतात, आणि वास्तूच्या आग्रहामुळे पाण्याची टाकी बहुतेकदा नैऋत्येला येते. इथे गाठ पडते. डिसेंबरात दुपारी बाराला टाकीची सावली उत्तरेकडे जवळपास तिच्या उंचीइतकी पडते आणि तीन वाजता ईशान्येच्या रोखाने पावणेदोनपट. दहा फूट उंच टाकीमागे सतरा-अठरा फूट पट्टा गेला. टाकी नैऋत्येलाच हवी असेल तर पॅनेलची जागा ही सावली आखून, तिच्या बाहेर ठरवा. किंवा पॅनेल आठ फुटी स्टँडवर घ्या, खाली सावलीही मिळते. स्टँडचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवू नका, त्यासाठी बीमवर काँक्रीटचे ठोकळे आधीच ओतून ठेवा. गच्चीपासून मीटरपर्यंत एक स्वतंत्र कंड्यूट (वायरीसाठीचा पाइप) आणि वेगळी अर्थिंग सोडा.

वायरिंगच्या यादीत एक ओळ ठळक लिहा: प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन बहुतेकदा बोर्डात फक्त फेज आणतात, आणि बहुतेक स्मार्ट स्विच न्यूट्रलशिवाय चालत नाहीत. एवढी वायर आज सोडली तर ते स्विच पाच वर्षांनीही घेता येतील, आत्ता पैसे घालायची गरज नाही. बोर्डाचे डबे थोडे खोल घ्या. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीसाठी जाड वायरची स्वतंत्र लाइन, राउटरच्या जागेपासून खोल्यांत नेटवर्क केबलचा कंड्यूट आणि मुख्य बोर्डात 30 मिलीॲम्पचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, हवा. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या: साध्या पंख्याच्या 75 वॉटच्या जागी तीस-पस्तीस वॉट. थ्रीडी प्रिंटिंगबद्दलही लोक विचारतात. बंगळुरूत 2023 मध्ये तसं पोस्ट ऑफिस उभं राहिलं आहे, पण एका घरासाठी ते यंत्र तालुक्याला आणणं परवडणारं नाही. त्या पैशात चांगलं छत होतं.

करारनामा फक्त चौरस फुटाच्या दरावर करू नका. सिमेंटचा प्रकार, विटेची कसोटी, पाणी मारण्याचे दिवस, छताचे थर आणि स्लॅबच्या वेळी क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, भरून त्यांची ताकद 28 दिवसांनी तपासण्याची अट त्यात लिहा. काँक्रीटसाठी क्रश सँड वापरणार असाल तर ती धुतलेली हवी, दगडाची भुकटी नको. हप्तेही कामाच्या टप्प्यांना बांधा.

शेवटची तयारी फोटोंची. स्लॅब ओतण्याआधी आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक खोलीच्या छताचा फोटो काढा. चौकटीत मोजपट्टी ताणलेली दिसू द्या, एक टोक कोपऱ्याला टेकलेलं. बाथरूमचे फोटो दोन बाजूंनी घ्या. सगळे खोलीवार फोल्डरमध्ये ठेवा आणि एक छापील संच मुख्य बोर्डाच्या कपाटात ठेवा, म्हणजे पुढे कधी ड्रिल चालवायला आलेल्या माणसाला पाइप कुठून गेलाय ते तुम्ही घरी नसतानाही कळेल.