दुचाकीवर फिरताना सनस्क्रीन किती आणि कुठे?

उन्हाळ्यात गाडीवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळला जातो. पण हँडलवरचे हात, मानेचा मागचा भाग आणि चपलेतली पावलं उघडीच राहतात. सनस्क्रीन तिथेही लावा. एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा बाटलीवरचा आकडा) ३० असलेलं सनस्क्रीन यूव्हीबी किरणं, म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी किरणं, साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के, त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. गडबड होते ती प्रमाणात. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधल्या बोटाची पूर्ण लांबी भरेल इतकी क्रीम लागते. वाटाण्याएवढ्या ठिपक्याने फारसं काही साधत नाही. निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, मग दर २ तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा.

स्कार्फ उजेडासमोर धरून बघा. पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येणार.

आणि टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात जाणं, कृपा करून, बंद करा. त्या रसावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, फोड येतात आणि काळे डाग कित्येक महिने राहतात.