उंच इमारतीतून दिव्यांग रहिवाशांना सुखरूप बाहेर काढताना

आमच्या ठाण्यातील सोसायटीत आगीची रंगीत तालीम झाली, तेव्हा बाराव्या मजल्यावरील व्हीलचेअर वापरणाऱ्या काकांना दोन तरुणांनी काही न विचारता खुर्चीसकट उचलले. एकाने धरलेला हातटेका निघून त्याच्या हातातच राहिला आणि काका पडता पडता वाचले. “अरे, तो निघतो. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं,” एवढेच ते म्हणाले. म्हणून पहिला नियम असा की, मदत कशी हवी हे त्या व्यक्तीलाच विचारावे, आणि तेही आग लागण्याच्या कितीतरी आधी.

सोसायटीने अशा रहिवाशांची यादी त्यांच्या संमतीने करावी व प्रत्येकासाठी किमान दोन मदतनीस आणि एक बदली मदतनीस ठरवावा. तिघेही एकाच वेळी कामावर जाणारे असतील तर दुपारी त्या यादीचा काही उपयोग नाही. यादीची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये असावी, कारण अग्निशमन दलाचे जवान प्रथम तिथेच येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवायची असते.

उंच इमारतींमध्ये ठरावीक मजल्यांवर असलेली आश्रयाची मोकळी जागा, म्हणजे रेफ्युज एरिया, ही जिना उतरू न शकणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची असते. आमच्याकडे तिच्या दाराला कुलूप होते आणि आत गणपतीच्या मखराचे थर्माकोल रचलेले होते. तुमच्याकडे काय आहे, ते आजच पाहून या. प्रत्यक्ष आगीच्या वेळी एका मदतनीसाने त्या व्यक्तीसोबत तिथे थांबावे आणि दुसऱ्याने १०१ किंवा ११२ वर फोन करून मजला व माणसांची संख्या कळवावी. लिफ्ट वापरू नये. अग्निशमन लिफ्टचा निर्णय जवानांवर सोडावा.

धूर जवळ आल्यामुळे थांबणे शक्य नसेल, तर जिन्याने उतरावेच लागते. अशा वेळी माणसांचा लोंढा पुढे जाऊ द्यावा. हाताने ढकलायची साधी व्हीलचेअर असेल, तर ती मागच्या चाकांवर कलवून, बसलेल्या व्यक्तीचे तोंड उताराकडे ठेवून एकेक पायरी उतरवावी; अधिक ताकदीच्या मदतनीसाने मागचे दांडे धरावेत आणि दुसऱ्याने पुढून मूळ सांगाडा धरावा, पाय ठेवायची पट्टी किंवा हातटेका नव्हे. बॅटरीची खुर्ची फार जड असते, ती वरच सोडावी. इव्हॅक्युएशन चेअर, म्हणजे माणसाला बसवून जिन्यावरून खाली उतरवायची घडीची खुर्ची, घेणे परवडत असेल तर जरूर घ्यावी, मात्र ती कशी उघडायची हे चार जणांना येत नसेल तर ती नुसतीच भिंतीला टांगलेली राहते. दोघांनी हातांची बैठक करून उचलण्यापूर्वी, कुठे दुखते आणि श्वासाला त्रास होतो का, हे विचारावे.

दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून ओढू नये. आपले नाव सांगून कोपर पुढे करावे, अर्धे पाऊल पुढे चालावे आणि जिना कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे बोलून सांगावे. पांढरी काठी त्यांच्याच हातात राहू द्यावी. कर्णबधिर व्यक्तीला भोंगा ऐकू येत नाही, त्यामुळे खोलीतील दिवा दोन-चार वेळा चालू-बंद करावा किंवा खांद्याला स्पर्श करावा व मोबाइलवर ‘आग, जिन्याने चला’ असे लिहून दाखवावे. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलांना भोंग्याचाच धसका बसू शकतो; त्यांच्याशी ओळखीच्या माणसाने छोट्या वाक्यांत बोलावे.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे इमारतीतील आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. यंत्रणेची तपासणी करणारी माणसे तेव्हा इमारतीत येतातच, त्यामुळे तालीम त्याच आठवड्यात ठेवणे सोयीचे पडते. आमच्या पुढच्या तालमीत काकांनी स्वतः सूचना दिल्या, आणि हातटेके काढून आधीच मांडीवर घेतले होते.