एक्सपोर्टवर थिसिस करताय? मॉडेल निवडताना या चुका टाळा

गोव्यात एमकॉम, पीएचडी करणाऱ्या बऱ्याच जणांचा विषय एक्सपोर्टच असतो, काजू, वेर्ण्याची फार्मा नाहीतर लोहखनिज, आणि डेटा हातात यायच्या आधीच मेथड ठरलेली असते कारण सीनिअरने तीच वापरलेली. असं करू नका. आधी डिपेंडंट व्हेरिएबल, म्हणजे ज्याचं स्पष्टीकरण शोधायचं तो आकडा, नीट बघा. कंपनीने एक्सपोर्ट केला की नाही असा हो-नाही प्रश्न असेल तर लॉजिट (हो-नाही उत्तरासाठीचं रिग्रेशन), बास.

खरा घोळ शून्यांचा. दोन देशांतला व्यापार त्यांच्या जीडीपी आणि अंतरावरून मांडणारं ग्रॅव्हिटी मॉडेल अर्थतज्ज्ञ टिनबर्गेनच्या 1962 च्या कामापासून चालत आलंय, जीडीपी आणि अंतर घ्यायचं, लॉग काढायचा, ओएलएस (नेहमीचं लीस्ट स्क्वेअर्स रिग्रेशन) चालवायचं. पण शून्याचा लॉग निघतच नाही, त्यामुळे ज्या देशांना त्या वर्षी काहीच माल गेला नाही त्या ओळी गुपचूप गळतात. आउटपुटमधला एन (वापरलेल्या ओळींची संख्या) आणि तुमच्या एक्सेलमधल्या ओळी जुळतात का, एवढं आत्ताच तपासा. काहीजण सगळीकडे 1 मिळवून लॉग घेतात, तेही नको, कारण मग रुपयात मोजलं की कोटीत यावरच उत्तर बदलतं! पीपीएमएल (पॉयसन स्यूडो-मॅक्झिमम लाइकलिहूड) वापरा, त्यात व्यापाराचा आकडा लॉग न घेता शून्यांसकट जातो. सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांचा 2006 चा पेपर त्यासाठी वाचाच.

ग्रॅव्हिटी मॉडेलमध्ये अंतराचा कोएफिशंट (त्याच्या परिणामाचा आकडा) गायब झाला? एक्सपोर्टर एकटा भारत आणि तुम्ही देशांचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक देशासाठी वेगळा स्थिर आकडा) टाकलेत, मग न बदलणारं अंतर त्यातच जिरणार. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही.

मुरगाव बंदराची लोहखनिजाची सिरीज घेणाऱ्यांनो, 2012 मध्ये मायनिंग बंद पडलं, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली. हे न बघता सगळी वर्षं एकाच रिग्रेशनमध्ये कोंबली की चीनच्या मागणीचा परिणाम कुठला आणि बंदीचा कुठला हे कळणारच नाही, वर एडीएफ टेस्ट (युनिट रूट तपासणारी चाचणी) चांगल्या स्टेशनरी, म्हणजे धक्क्यानंतर आपल्या पातळीवर परतणाऱ्या, सिरीजलाही युनिट रूट आहे, म्हणजे धक्का कायम राहतो, असं म्हणते, अर्थतज्ज्ञ पेरॉनने हे 1989 मध्येच दाखवलंय. बंदीच्या तारखा आपल्याला पाठ आहेत ना, मग डमी (बंदीच्या काळात 1, एरवी 0) टाका आणि ब्रेक, म्हणजे सिरीजमधला असा अचानक बदल, धरणारी युनिट रूट टेस्ट घ्या.

सर्व्हे अनेक देशांत केला असेल तर सरासऱ्यांची तुलना करण्याआधी मेजरमेंट इन्व्हेरिअन्स, म्हणजे तुमचे प्रश्न सगळ्या देशांत तीच गोष्ट मोजतात का, हे तपासा. आणि देश पाच-सहाच असतील तर मल्टिलेव्हल मॉडेलच्या (माणसं आणि देश असे थर वेगळे धरणाऱ्या) मागे लागू नका, कंट्री डमी पुरतात.